कॅनॉलबागेला कुलूप

९ फेब्रुवारी १९९९, मंगळवार

स्टाफरूममध्ये आज एकच विषय. कॅनॉलबाग बंद होणार. वरून आदेश आलाय म्हणे. सरकारच्या तिजोरीत खडखडाट, म्हणून काटकसर. मार्चअखेर झाली की माळी, पाणी, दिवे सगळं थांबणार आणि गेटला कुलूप. राज्याची तूट आमच्या इंदापूरच्या गुलाबांनी भरून निघणार असेल तर धन्य आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "बाग गेली तर गेली, आपले पगार वेळेवर होऊ देत." सगळे हसले. मला हसू आलं नाही. पुढच्या तासाला नववीला नद्यांऐवजी डोंगर शिकवून आले.

बाकीच्यांना बाग म्हणजे भेळ आणि घसरगुंडी. मला बाग म्हणजे तात्या. आई गेल्यावर मी त्यांना वरकुट्याहून इथे आणलं, तेव्हा आठवडाभरात परत निघाले होते. बापाचा जन्म मेंढरांमागे उघड्यावर गेलेला, त्याला दोन खोल्यांत कोंडलं तर काय होणार? भिंतीशी बोलायला लागले होते. मग बाग सापडली. सकाळी गेट उघडलं की हे आत, संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी जाऊन घेऊन येते. म्हणून टिकलेत माझ्याकडे. बाग गेली की तात्या गेले, इतकं सरळ आहे.

घरी अजून बोलले नाही.

११ फेब्रु.

सांगितलं. भाकरी कुस्करता कुस्करता तात्या म्हणाले, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"माळ हुता, माळ हुईल."

बाग व्हायच्या आधी तिथे गवताळ माळ होता, तात्यांची मेंढरं तिथे चरलेली. हे पुराण मला पाठ आहे. पण रोज दिवसभर जिथे बसतात त्या जागेबद्दल असं बोलायचं? माणूस कसला, कातळ. मी उठले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

वि. गालात हसत होते. (नवऱ्याचं नाव घ्यायची सवय नाही, डायरीतही जमत नाही.) त्यांना निमित्तच हवं होतं. रोज बारामतीला ये-जा करून कंटाळलेत, ऑफिसजवळ ब्लॉक घ्यायचा घाट कधीपासून चाललाय. "आता तरी चल," म्हणाले. मी म्हटलं, बघू. हे 'बघू' आमच्या घरात फार कामाला येतं.

१४ फेब्रु., रवि.

बारामती. ब्लॉक दुसऱ्या मजल्यावर, उजेड चांगला, ओटा माझ्या उंचीचा. मन थोडं डळमळलं, खोटं कशाला लिहू. तात्यांनाही नेलं होतं. जिना चढले, एकेका खोलीत डोकावले, गॅलरीत उभे राहून खाली बघितलं.

"आन् मानसं खाली उतरत्यात कवा?"

ब्लॉकवाल्याला कळेना हसावं की काय. वि. म्हणाले, "तात्या, इथं जवळच मोठी बाग आहे. कारंजी आहेत."

"तितलं बी कुलूप घडवाय टाकलं आसंल."

परतीच्या एस.टी.त तात्या आणि मी एका बाकावर, वि. पुढे, फुगलेले. मी मध्ये. नेहमी मीच मध्ये.

२३ फेब्रु.

शाळेतून बागेत. तात्या नेहमीच्या बाकावर, मागच्या कुंपणाजवळ, पटका काढून मांडीवर. मी शेजारी बसले. आम्ही बोलत नाही. ते कॅनॉलच्या पाण्याकडे बघतात, मी कशाकडेच बघत नाही. वह्या नाहीत, गॅस नाही, कुणाचं 'अगं' नाही. मग केव्हातरी "चला". तात्या शेजारी असले की बाई इथे कशाला बसलीय असं कुणी विचारत नाही.

आज मात्र बसवेना. प्रत्येक झाडाकडे बघून वाटत होतं, याला पाणी कोण घालणार. गेटवरच्या शिपायाला विचारलं, तुम्हाला कुठे टाकणार? म्हणाला, "टाकलं तर बरंच म्हनायचं की बाई."

५ मार्च

'बाग बचाव कृती समिती' जन्माला आली. बाप कुलकर्णी वकील, रोज पहाटे पांढरे बूट घालून बागेला फेऱ्या मारतात ते. मीटिंग शाळेच्या हॉलमध्ये. आलेल्यांत बाई मी एकटी, म्हणून मी 'महिला प्रतिनिधी'. निवडणूक अशी सोपी असते.

वकीलसाहेब छान बोलले. जनतेची फुफ्फुसं वगैरे. मग जो तो उठून बोलायला लागला. एक व्यापारी म्हणाले, बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखवायला आपल्याकडे दुसरं आहे काय? एक मास्तर म्हणाले, तिकीट लावा. त्यावर आरडाओरडा. बाहेर भेळेची गाडी लावणारी शांताबाई दारात उभी होती, तिला कुणी बोलू दिलं नाही. खरं तर पोटावर पाय तिच्याच. सणसरचा एक ऊसवाला, बाजाराला आलेला, आत डोकावून म्हणाला, "बसायला जागा न्हाय व्हय तुमाला? आमच्या बांधावर या की, वाटंल तितकं बसा." आणि हसत निघून गेला. राग आला. मग वाटलं त्याचंही काय चुकलं.

पाडव्याला काळी गुढी उभारायची सूचना आली. ती मी हाणून पाडली. महिला प्रतिनिधीचं पहिलं कार्य.

१७ मार्च

निवेदन, सह्या, मंत्र्यांना तार. सह्या घ्यायला दारोदार फिरतेय. पाय दुखतात पण घरी बसलं की जास्त दुखतात. एका घरी बाई म्हणाली, "बाग कुठं आहे हो आपल्याकडे?" तिच्या खिडकीतून दिसते.

तात्यांची सही नाही, अंगठा. त्यांच्यापुढे कागद धरला. "कशाला?" म्हणाले. बाग चालू राहावी म्हणून. माझ्याकडे बघितलं. "तुला पायजे व्हय?" म्हटलं, तुमच्यासाठीच चाललंय सगळं. तेव्हा अंगठा दिला. उपकार केल्यासारखा.

३१ मार्च

शेवटची संध्याकाळ. एवढी गर्दी बागेने जन्मात पाहिली नसेल. जे कधी फिरकले नाहीत ते सहकुटुंब, कॅमेरे घेऊन. आधी फोटो. मग कुणीतरी एक गुलाब तोडला, 'आठवण म्हणून'. मग काय, आठवणींचा सुकाळ. बायकांनी फांद्या मोडल्या, पुरुषांनी रोपं मुळासकट उपटून पिशव्यांत घातली. कुंड्या चालत्या झाल्या. वकीलसाहेबांच्या सौ. क्रोटनची कुंडी रिक्षात ठेवताना माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "इथं मरण्यापेक्षा आमच्या अंगणात जगेल बिचारी." खाई त्याला खवखवे. मी काही बोलले नव्हते.

शिपाई शिट्टी फुंकून फुंकून दमला आणि शेवटी पायरीवर बसला. मला तर रडू येत होतं आणि त्या सगळ्यांना एकेक थोबाडीत द्यावीशी वाटत होती. तात्या बाकावर बसून तमाशा बघत होते.

"मेंढरं खातील तर मागं लेंडी तरी टाकतील," म्हणाले. मी त्यांना जरा जोरातच उठवलं.

१ एप्रिल

कुलूप. वर्गातल्या मुलींना वाटलं मी एप्रिल फूल करतेय.

तात्या सकाळी नेहमीसारखे गेले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. दुपारी शाळेच्या खिडकीतून दिसले, गेटसमोरच्या मोरीवर उन्हात बसलेले. मधल्या सुट्टीत धावत जाऊन घरी आणलं. "सावलीत बसा हो!" "सावली आत हाय," म्हणाले.

६ एप्रिल

तात्या घरात फेऱ्या मारतात. दार ते मोरी, मोरी ते दार. काठी आपटत. वरच्या मजल्यावरच्यांनी निरोप पाठवला, आजोबांना सांगा. काय सांगू? मीसुद्धा मारते. पेपर तपासायचे पडलेत, एक तपासला की उठते, पाणी पिते, बसते, पुन्हा उठते.

वि. म्हणतात, बारामतीचा ब्लॉकवाला किती दिवस थांबेल. मी म्हणते, बघू. आज ते ओरडले, "बघू बघू म्हणजे काय ते एकदा सांग!" तात्या काठी आपटायचे थांबले.

१० एप्रिल, शनि.

समितीने बागेचा दहावा घातला. कल्पना वकीलसाहेबांची, पेपरवाले येतील म्हणून. गेटवर बागेचा फोटो, हार. भटजी मिळाला नाही, जिवंत सरकारी बागेचा दहावा कोण करणार, म्हणून एका मास्तरांनीच दोन मंत्र म्हटले. भाताचा पिंड गेटसमोरच्या मोरीवर ठेवला. ठरलं असं की कावळा शिवणार नाही, मग वकीलसाहेब भाषण करणार: बागेचा आत्मा अतृप्त आहे, तिची इच्छा अपुरी आहे.

पिंड ठेवला मात्र, कावळा झडप घालून घेऊन गेला. मागोमाग दुसरा आला, तो शितं टिपत बसला. मग गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "सुटली बिचारी!" आणि जी काय हसाहशी झाली! पेपरवाला पोट धरून हसत होता. वकीलसाहेबांचं भाषण खिशातच राहिलं. मलाही हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला.

घरी येऊन तात्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. "जित्याचा दहावा घालत्यात व्हय कुटं? पानी द्याचं सोडून पिंड दिला." आणि खरंच की. बाग अजून मेलेली नाही. कुंपणातून बघितलं, गवत पिवळं पडलंय पण मुळं असतील. आम्ही इतके जण जमलो, एकानेही बादलीभर पाणी नेलं नाही. मीसुद्धा नाही.

२४ एप्रिल

तात्या एक वेळच जेवतात. काल एस.टी. स्टँडवर सापडले, वरकुट्याच्या गाडीत बसून उतरले होते. कंडक्टर ओळखीचा, त्याने घरी आणून सोडलं. "बसले आन् उतरले बाई. इचारलं तर म्हनले, लेकीला सांगाया इसरलो."

म्हणजे सांगून जाणार होते. ह्यात समाधान मानायचं का रागवायचं, ते रात्री जेवणं होईपर्यंत ठरलं नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं.

२ मे

समितीची मीटिंग, निम्म्याहून कमी माणसं. नव्याचे नऊ दिवस. वकीलसाहेबांना नवी कल्पना: हायवेवर रास्ता रोको, आणि त्यात मेंढरं. पुणे-सोलापूर रस्त्यावर मेंढरं बसली की ट्रकच्या रांगा थेट क्षितिजापर्यंत, फोटो तर असा येईल! ढोल, पिवळा भंडारा, सगळं. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुमच्या लोकांना सांगा की."

तुमचे लोक. इतकी वर्षं ह्यांच्या मुलींना भूगोल शिकवतेय, तोवर मी मॅडम. मेंढरं लागली की माझे 'लोक' आठवले. जीभ शिवशिवली होती. पण तात्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, ती काठी, ते दार ते मोरी. "विचारते," म्हटलं.

५ मे

बिरा आला होता. माझा चुलतभाऊ, वरकुट्याची आमची जमीन तोच बघतो, वर मेंढरं अजून राखलीत त्याने. त्याला रास्ता रोको सांगितला. तो कानशील खाजवत म्हणाला, "आक्का, डांबरावर मेंढरं? खुरं भाजत्याल. आन् ट्रकवाला थांबंल व्हय?"

तेवढ्यात आतून तात्या: "आनतो म्हनून सांग त्यास्नी."

"तात्या, पर..."

"म्या येतो संगं. कवा हाय?"

सोमवारी सकाळी, दहाला, नाक्यावर. तात्या उठले, स्वतः भाकरी मागून घेतली. बिऱ्याला घेऊन बाहेर गेले, ओट्यावर कुजबुज. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला. मला बरं वाटलं आणि धाकधूकही. माझा बाप इतक्या सहज 'हो' म्हणत नसतो.

१० मे, सोम.

जमेल तसं लिहितेय.

दहाला नाक्यावर आम्ही मूठभर माणसं, फलक, फौजदार, पेपरवाले. मेंढरं नाहीत. साडेदहा झाले, नाहीत. वकीलसाहेब दर मिनिटाला माझ्याकडे बघत होते. शेवटी आम्हीच रस्त्यावर बसलो. फौजदारांनी दोन मिनिटांत उठवलं, तेही हसत. तेवढ्यात शांताबाई भेळवाली धापा टाकत आली. "बाई, चला, तुमचे तात्या बागंत हायती. समदी मेंढरं आत."

धावले. वाटेत चप्पल तुटली, हातात घेतली. मागच्या बाजूला कुंपणाच्या तारा खाली दाबलेल्या, त्यावर घोंगडी टाकलेली, अंग खरचटू नये म्हणून. आणि आत... सगळी बाग मेंढरांनी भरलेली. जे काही उरलंसुरलं वाळकं गवत, गुलाबांचे खुंट, मेंदीचं कुंपण, सगळं साफ. आता पोटं भरून बसली होती, रवंथ करत, घसरगुंडीच्या सावलीला, कारंज्याच्या कोरड्या हौदात. मधोमध तात्या, आपल्या बाकावर, काठी गुडघ्यांत.

"तात्या, हे काय केलंत?"

"बसवली," म्हणाले. शेतात बसवतात तशी. पावसाआधी मोकळ्या रानात कळप मुक्कामाला ठेवायचा, लेंड्या-मुताने जमीन पोसायची. त्यासाठी शेतकरी आमच्या माणसांना धान्य घालून बोलावतात, हे मला काय ठाऊक नाही? पण ती बाग होती! माझ्या मागून वकीलसाहेब, पेपरवाले, अर्धं गाव आलं होतं. मला काय झालं कळलं नाही. सगळ्यांदेखत ओरडले बापावर. माझं नाक कापलंत, तुमच्यासाठी मी दारोदार फिरले, तुम्हाला कशाचं काही नाही, जायचं तर जा तुमच्या मेंढरांत.

तात्या उठले. "बाग तुजी म्हनून बसवली," एवढंच म्हणाले, आणि बिऱ्याला हाक मारली. मला तेव्हा ऐकायचंच नव्हतं.

११ मे

पेपरात फोटो. 'बचाव समितीनेच बाग फस्त केली.' शेजारी कुणा अधिकाऱ्याचं म्हणणं, आता मुळात बागच राहिली नाही, मग बंद काय आणि चालू काय. वकीलसाहेब दारात येऊन गेले, आत बसले नाहीत. "मॅडम, आंदोलनाचं मातेरं केलंत." त्यांच्या अंगणात क्रोटन कसं आहे, विचारायचं होतं. विचारलं नाही.

गावात दोन तट. एक म्हणतो म्हाताऱ्यावर केस करा. दुसरा म्हणतो, सरकारनं पाणी तोडलं तेव्हा केस केली का? पानटपरीवर भांडण झालं म्हणे, कॉलर धरण्यापर्यंत. दहाव्याला हसलेले लोक आज चिडलेत. मला दोन्ही तटांचा कंटाळा आलाय.

तात्यांची पिशवी खुंटीवर नाही. आज सकाळी बिऱ्याबरोबर गेले. मी आंघोळीला होते. ह्या वेळी वि. ना सांगून गेले. मला नाही.

१९ मे

सुट्टी. घर मोठं झालंय. वि. नी चांगुलपणाने बारामतीचा विषय काढला नाही, मग मीच काढला. "घेऊ या ब्लॉक," म्हटलं. आता अडसर काय आहे? त्यांना आनंद व्हायला हवा होता. "घाई नाही," म्हणाले. इतके दिवस घाई होती.

संध्याकाळ झाली की पायात चपला घालते, दारापर्यंत जाते, आठवतं. चपला काढते. कुठे जायचं म्हणून सांगू? भाजी आहे घरात, दळण कालच झालं. कारण सापडत नाही.

३० मे, रवि.

वरकुट्याला गेले, तात्यांना आणायला. कळप ओढ्यापलीकडे कुणाच्या तरी रानात बसलेला. त्यांचा आवाज आधी ऐकू आला, मेंढरांना घातलेली ती लांब हाळी. लहानपणी ती ऐकून आई चूल पेटवायची. इतक्या वर्षांत माझ्या घरी त्यांनी एकदाही आवाज चढवला नव्हता. मला वाटायचं म्हातारपणाने बसला असेल.

"आलीस व्हय. बस."

घोंगडीवर बसले. माफी मागायची म्हणून बसमध्ये वाक्यं जुळवली होती, एकही आठवेना. "चुकलं माझं, लोकांत बोलले," म्हटलं. त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला. "चला घरी," म्हटलं.

"बाग उघडली?"

"नाही अजून."

"उघडली की सांगून धाड. यीन."

"तुम्हाला तर बाग नकोच होती ना?" ते उत्तर द्यायच्या आत एक कोकरू भलतीकडे निघालं आणि ते त्याच्यामागे. वयाला न शोभणाऱ्या वेगाने.

बिरा मला गाडीपर्यंत सोडायला आला. चालता चालता म्हणाला, "आक्का, एक बोलू का? तात्या तितं मन मारून बसायचं. पाक कंटाळायचं. म्या म्हनलं मग या की गावाकडं. तर म्हनलं, म्या आलो तर माजी सुमी कुनाच्या निमतानं बसंल? दिसभरात तिला तेवढंच बसाया मिळतंय."

मी चिडले. म्हटलं, म्हाताऱ्याची जुनी खोड आहे ही, स्वतःचं दुसऱ्याच्या नावावर खपवायचं. गाडीत खिडकीशी जागा मिळाली. इंदापूर येईपर्यंत डोळे पुसत होते. शेजारच्या बाईने विचारलं, माहेर का? म्हटलं, हो.

४ जून

पेपर सीमेवरच्या बातम्यांनी भरलेला, बागेचं नाव नाही. ठीकच आहे. तरी वकीलसाहेब आले, ह्या वेळी आत बसले, चहा घेतला. नगरपालिका बाग चालवायला घेईल अशी बोलणी आहेत. किंवा कुणी ठेकेदार, तिकीट लावून. किंवा काहीच नाही. नवं निवेदन, पहिलं नाव माझं हवंय त्यांना. "आणि मॅडम, वडिलांना जरा... ह्या वेळी लांबच ठेवा." म्हटलं, ते लांबच आहेत.

"मग तुम्ही कशासाठी धडपडताय अजून?" खरंच नवल वाटलं त्यांना. वि. नीही पेपर खाली घेतला. दोघे उत्तराची वाट बघत होते. मी कप उचलून आत गेले.

तात्यांना बाग नको. वि. ना बारामती हवी, तिथे माझ्या उंचीचा ओटा आहे. मग मला काय टोचतंय?

७ जून, सोम.

संध्याकाळी चपला घातल्या. वि. म्हणाले, "कुठं?"

"बागेत."

"अगं, बंद आहे ना?"

"माहीत आहे."

आणखी काही विचारतील म्हणून दारात थांबले. त्यांनी विचारलं नाही.

गेटला कुलूप तसंच. मागून गेले. तारा अजून वाकलेल्या आहेत, साडी आवरून आत पाय टाकला. लेंड्या सगळीकडे, वाळून काळ्या पडलेल्या. एक झाड धड नाही. बाकावरची धूळ पदराने झटकली आणि बसले. मधोमध. कडेला तात्यांची जागा सोडून बसायची सवय, ती मोडायला जरा वेळ लागला. आधी सारखी रस्त्याकडे मान वळत होती. मग वळेनाशी झाली. कॅनॉलला पाणी नव्हतं, तरी बघत राहिले.

रस्त्याने जाणारा एक सायकलवाला थांबला. ओळखीचा नव्हता. कुंपणातून वाकून म्हणाला, "बाई, कुनाला हुडकताय?"

"कुणाला नाही."

"मग?"

"बसलेय," म्हटलं.